गाडलेले तांबे कोणाचे?

(नेर, जि. यवतमाळ येथे कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



कापूस पिकविणाऱ्या नेरमध्ये शहरांच्या रस्त्यांखालील तारांविषयी बोलणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु आपल्याच जिल्ह्यातील 'शकुंतला' रेल्वे आठवा. कापूस वाहून नेण्यासाठी विलायती कंपनीने टाकलेल्या त्या रुळांची मालकी स्वातंत्र्यानंतरही अनेक दशके वादाचा विषय राहिली. लोकांच्या श्रमातून उभी राहिलेली वस्तू वापरातून गेली, म्हणजे तिच्यावरील लोकांचा हक्कही जातो काय? हाच प्रश्न आज शहरांच्या पोटात दडलेला आहे.

मुंबईत विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी सुरू झाली आणि ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली. रूळ मात्र कित्येक ठिकाणी डांबराखाली तसेच राहिले. अर्धशतकानंतर हुतात्मा चौकाच्या परिसरात खोदकाम करताना ते पुन्हा उजेडात आले. दूरध्वनीच्या केबलींचीही तीच गत होत आहे. ऑप्टिकल फायबर आले आणि तांब्याच्या केबली जागच्या जागी निकामी झाल्या. जुन्या केबलींवर तर शिशाचे आवरण असते. स्वीडनमधील नॉरशॉपिंग शहरात ब्यॉर्न वॉलस्टेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मृत जाळ्यांचा अभ्यास केला. केवळ धातूसाठी खणणे बहुधा परवडत नाही. मात्र दुरुस्तीसाठी रस्ता खणलाच असेल, तर त्याच वेळी जुनी केबल काढल्यास हिशेब बदलतो, असे त्यांना दिसले.

नवे तांबे स्वस्त आहे, असे सांगणाऱ्यांनी त्याची खरी किंमत पाहावी. १९९३ साली रत्नागिरीच्या जनतेने स्टरलाइटचा तांबे प्रकल्प अडविला. तो तामिळनाडूत तुतिकोरिनला गेला. तेथे २२ मे २०१८ रोजी प्रदूषणाविरुद्ध निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला आणि तेरा माणसे प्राणास मुकली. बाजारभावात हे प्राण धरले जात नाहीत. उलट, जुने तांबे वितळविले तर त्याचा गुण उणावत नाही आणि खनिजापासून तांबे काढण्यापेक्षा ऊर्जाही पुष्कळ कमी लागते. तांब्याच्या खनिजासाठी मुख्यतः परदेशांवर अवलंबून असलेल्या आपल्या देशाला ही गोष्ट क्षुल्लक नाही.

परंतु हे काम कोणी आणि कसे करावयाचे? आज वेचलेल्या तारा कित्येकदा उघड्यावर जाळल्या जातात. प्लास्टिकच्या आवरणातून निघणारे डायॉक्सिनसारखे विष जाळणाऱ्याच्या छातीत जाते आणि नफा वरच्या व्यापाऱ्याच्या तिजोरीत. दुसरीकडे, जानेवारी २०२० च्या अखेरीस भारत संचार निगमचे ७८ हजारांहून अधिक कर्मचारी एकाच वेळी स्वेच्छानिवृत्त झाले. कोणती केबल कोणत्या वळणाने गेली, हे जाणणारे लाइनमनही त्यांत होते. ते ज्ञान कागदावर उतरविले नाही, तर ही सार्वजनिक संपत्ती भंगाराच्या भावाने ठेकेदाराच्या हाती जाईल.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. रस्ता खणण्याची परवानगी देताना मृत केबल व नळ काढण्याची अट घालावी. निवृत्त लाइनमनना मानधन देऊन नकाशे तयार करावेत. तारा जाळण्यास बंदी करून आवरण सोलण्याची यंत्रे पुरवावीत. आणि हे काम कष्टकऱ्यांच्या सहकारी संस्थांना द्यावे. हे अशक्य नाही. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि कचरा वेचणाऱ्या स्त्रिया संघटित कामगार म्हणून ताठ मानेने उभ्या राहिल्या.

नेरच्या जमिनीखाली शहराइतके तांबे नसेल. परंतु येथून शहरात गेलेला भूमिहीन मजूरच उद्या तेथील रस्ता खणणार आहे. खड्ड्यातून जे वर येईल, त्यात त्याचा वाटा किती, हे ठरविण्याची वेळ खणण्यापूर्वीची आहे, नंतरची नव्हे.