पक्ष, साध्य आणि सिद्धता : शहरातील एका बोगद्याची मंजुरी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर भूमिती शिकविली. प्रमेय फळ्यावर मांडताना ते आधी ‘पक्ष’ लिहावयास लावीत, मग ‘साध्य’, आणि त्यानंतरच सिद्धतेला हात घालू देत. पक्ष न लिहिता साध्याकडे धाव घेणाऱ्याची वही ते न तपासताच परत करीत. “जे दिले आहे ते आधी नीट पाहा,” एवढेच ते म्हणत. त्या वेळी हा शिस्तीचा भाग वाटे. पुढे सार्वजनिक बांधकामांच्या निर्णयांचा अभ्यास करू लागल्यावर मला कळून आले की, गुरुजींनी आम्हांला नागरिकशास्त्राचाच एक धडा दिला होता. आज मी त्याच धड्याच्या आधारे एका बोगद्याची हकिगत सांगणार आहे.

सुरतेत हा विषय का, असे कोणी विचारील. आपल्या मेट्रोचे भूमिपूजन १८ जानेवारी २०२१ रोजी झाले. सरथाणा ते ड्रीम सिटी या मार्गाचा सुमारे साडेसहा किलोमीटरांचा भाग भुयारी ठरविण्यात आला, आणि जुन्या शहराच्या दाट वस्तीखालून यंत्रे गेली. तो बोगदा रेल्वेचा असला, तरी ‘आपल्या पायाखालून काय जाणार हे कोण ठरवितो, आणि ठरविताना कोणाला विचारतो’ हा प्रश्न रस्त्याच्या बोगद्यालाही तेवढाच लागू आहे. त्या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्यापासून अडीचशे-तीनशे किलोमीटरांवर, मुंबईत घडले. मलबार हिलच्या खालून गेलेला किनारी रस्त्याचा जुळा बोगदा, हे ते उदाहरण होय.

प्रथम साध्य काय होते ते पाहू. मुंबई बेट दक्षिणोत्तर चिंचोळे आहे. पश्चिम किनाऱ्याने शहराच्या टोकापर्यंत एक वेगवान मार्ग असावा, ही कल्पना १९६० च्या दशकाच्या आरंभी विल्बर स्मिथ या अमेरिकन सल्लागार संस्थेच्या अहवालात मांडली गेली. पुढे समुद्रावरील पुलांचा पर्याय आला, आणि त्यांपैकी वांद्रे-वरळी हा सागरी सेतू २००९ मध्ये खुला झाला. २०११ साली राज्य शासनाने संयुक्त तांत्रिक समिती नेमली. तिने पुढील सेतूंऐवजी किनाऱ्यालगत भराव, पूल आणि बोगदा यांनी मिळून होणारा रस्ता सुचविला. बोगदा अशासाठी की, मलबार हिलचे टोक समुद्रात घुसलेले आहे. त्याला बाहेरून वळसा घालावयाचा, तर राजभवनासमोरचा आणि चौपाटीचा किनारा बिघडतो. टेकडीच्या पोटातून गेल्यास प्रियदर्शिनी पार्क ते गिरगाव चौपाटी हे अंतर सुमारे दोन किलोमीटरांत सुटते.

आता सिद्धतेचा भाग. असा बोगदा कागदावर येण्यापूर्वी किती गोष्टी तपासाव्या लागतात, याची सामान्य माणसाला कल्पना नसते. वाहनांची मोजणी होते. ठरावीक अंतरावर जमिनीत भोके पाडून खडकाचे नमुने काढतात; मलबार हिलखाली बेसाल्टबरोबर ब्रेशिया आणि शेल हे तुलनेने दुबळे खडकही होते. वरच्या इमारतींना हादरे किती बसतील, भूजल कोठून येईल, धूर कसा काढावयाचा, अपघात झाल्यास माणसे कोठून निसटतील, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर नकाशात असावे लागते. म्हणूनच या बोगद्याच्या दोन नळ्या ठेवून त्या आडव्या मार्गांनी जोडल्या, आणि धूर एका दिशेला ढकलण्यासाठी तोंडाशी वेगाने हवा सोडणारी ‘साकार्डो’ पद्धत बसविली.

या अटी कोणा कारकुनाच्या हौसेखातर आलेल्या नाहीत. २४ मार्च १९९९ रोजी फ्रान्स आणि इटली यांना जोडणाऱ्या माँ ब्लाँ बोगद्यात एका मालमोटारीने पेट घेतला. आग दोन दिवसांहून अधिक काळ धुमसत राहिली आणि ३९ माणसे मृत्युमुखी पडली. त्या बोगद्याला एकच नळी होती, निसटण्याचा वेगळा मार्ग नव्हता, आणि अर्धा बोगदा एका देशाच्या कंपनीकडे तर अर्धा दुसऱ्या देशाच्या कंपनीकडे होता. पाच वर्षांनी, २००४ साली, युरोपीय संघाने आपल्या प्रमुख रस्त्यांवरील लांब बोगद्यांसाठी सुरक्षिततेचे किमान नियम घालून दिले. मंजुरीच्या फायलीत ज्याला आपण ‘अट क्रमांक अमुक’ म्हणतो, तिच्यामागे पुष्कळदा अशी माणसे असतात.

मुंबईच्या बोगद्याचे तांत्रिक काम चोख झाले, असे म्हणावयास हरकत नाही. ‘मावळा’ हे नाव दिलेले, १२.१९ मीटर व्यासाचे यंत्र ११ जानेवारी २०२१ रोजी चालू झाले आणि बरोबर एका वर्षाने, १० जानेवारी २०२२ रोजी, पहिली नळी पार पडली. दुसरी ३० मे २०२३ रोजी पूर्ण झाली. टेकडीच्या माथ्यापासून सुमारे सत्तर मीटर खोल जाऊन अभियंत्यांनी हे काम केले, याचा अभिमान वाटावा. पुढे मे २०२४ मध्ये बोगद्याच्या सांध्यांतून पाणी झिरपले आणि ते बुजवावे लागले, ही गोष्टही येथेच नमूद करतो. कारण बोगदा खुला झाला म्हणजे तपासणी संपली, असा समज कोणी करून घेऊ नये.

मग गणित अडले कोठे? ते अडले पक्षात.

बोगद्याची दोन्ही तोंडे किनाऱ्यावर उघडतात, आणि प्रियदर्शिनी पार्कपासून वरळीपर्यंतच्या रस्त्यासाठी समुद्रात सुमारे १११ हेक्टर भराव घालणे आवश्यक ठरले. भरावाशिवाय त्या बोगद्याला अर्थ नव्हता. म्हणून बोगद्याची मंजुरी ही वस्तुतः समुद्राची मंजुरी होती. किनाऱ्याविषयीची ६ जानेवारी २०११ ची अधिसूचना रस्त्यासाठी समुद्रात भराव घालू देत नव्हती. ३० डिसेंबर २०१५ रोजी केंद्र शासनाने तीत दुरुस्ती करून अपवादात्मक परिस्थितीत अशी मुभा दिली. त्यानंतर राज्याचे किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण, केंद्राची तज्ज्ञ मूल्यांकन समिती, या पायऱ्या चढून ११ मे २०१७ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची मंजुरी आली. २०१८ च्या अखेरीस कामाला आरंभ झाला.

वरळी कोळीवाड्याच्या मच्छीमारांचे आणि काही पर्यावरणवादी संस्थांचे म्हणणे असे की, या साऱ्या प्रवासात त्यांना खऱ्या अर्थाने कोणी विचारलेच नाही. ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. तेथे जो प्रश्न निघाला, तो विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगा आहे. पर्यावरण परिणामांविषयी १४ सप्टेंबर २००६ ची एक वेगळी अधिसूचना आहे. तिच्या परिशिष्टात रस्त्यांच्या सदराखाली महामार्गांचा उल्लेख आहे. हा तर महानगरपालिकेचा शहरातील रस्ता! मग त्याला ती अधिसूचना लागू नाही, असा महापालिकेचा पवित्रा होता. १६ जुलै २०१९ रोजी उच्च न्यायालयाने तो अमान्य केला. प्रकल्पाचे एकूण स्वरूप पाहता त्या अधिसूचनेखालील पूर्वमंजुरी हवी होती, किनाऱ्यावरील प्रवाळांमुळे वन्यजीव संरक्षण कायद्याखालील परवानगीही हवी होती, आणि निर्णयप्रक्रियेतच गंभीर त्रुटी राहिल्या, असे सांगून न्यायालयाने किनारा क्षेत्राची मंजुरी रद्द केली. पाच महिने काम ठप्प झाले. १७ डिसेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालास स्थगिती देऊन रस्त्याचे काम पुढे नेण्यास मुभा दिली. मात्र भराव घातलेल्या जमिनीवर रस्त्याखेरीज अन्य विकास करण्यास तूर्त मनाई केली.

मंडळी, मी येथे कोणाच्या बाजूने निवाडा देण्यास उभा नाही. दिवसाला लक्षावधी माणसे ज्या शहरात वाहतुकीत अडकतात, तेथे पाच महिन्यांचा विलंब ही लहान गोष्ट नाही, आणि तिचा खर्च शेवटी करदात्यांवरच पडतो. ‘दर वेळी सर्वांना विचारीत बसलो, तर काहीच उभे राहणार नाही,’ हा आक्षेप मी हलका मानीत नाही. प्रकल्पाचा खर्चच सुमारे चौदा हजार कोटींच्या घरात गेलेला आहे. परंतु येथे विलंब विचारण्यामुळे झाला की न विचारण्यामुळे, हे पाहिले पाहिजे. किनाऱ्याला प्रवाळ चिकटून आहेत, हे काम सुरू होण्यापूर्वीही खरे होते. ती गोष्ट पक्षात लिहिली गेली नाही, म्हणून ती न्यायालयात लिहिली गेली. आणि २०२० मध्ये प्रवाळांचे स्थलांतर करावेच लागले.

कोळीवाड्याची गोष्ट याहून बोलकी आहे. वरळीला रस्ता सागरी सेतूला मिळतो, तेथे पुलाच्या खांबांमधले अंतर साठ मीटर ठेवले होते. नकाशावर ते पुरेसे दिसे. पण भरतीच्या लाटांत, वाऱ्यात, जाळी घेऊन परतणारी होडी सरळ रेषेत येत नाही, हे कोळ्याच्या पोरालाही ठाऊक असते. त्यांनी अंतर वाढवा म्हणून वर्षानुवर्षे मागणी केली, समुद्रात होड्या आडव्या लावून काम अडविले. अखेर २०२२ च्या डिसेंबरमध्ये एक खांब गाळून ते अंतर एकशे वीस मीटर करण्याचे ठरले. जे अशक्य म्हणून सांगितले जात होते, ते शक्य निघाले. मग हीच गोष्ट आराखडा रेखाटतानाच का विचारली गेली नाही? कोळीवाड्याच्या धक्क्यावर एक सकाळ उभे राहिल्याने जे समजले असते, ते समजण्यास चार वर्षे आणि एक आंदोलन लागले.

‘पक्ष’ या शब्दाला आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. भूमितीत ‘जे दिले आहे ते’. आणि व्यवहारात ‘ज्याची बाजू आहे तो’. शहराच्या नियोजनात हे दोन्ही अर्थ एकच होतात. ज्याची बाजू कागदावर आली नाही, त्याच्या वाट्याचे सत्यही कागदावर येत नाही.

साध्याविषयीही एक शंका मांडतो. मार्च २०२४ मध्ये या रस्त्याची पहिली बाजू खुली झाली, जूनमध्ये दुसरी. त्यावर दुचाकी, तीनचाकी आणि सायकली यांना मज्जाव ठेवण्यात आला. वेगवान मार्गासाठी या बंदीला सुरक्षिततेचे कारण आहे. तथापि ज्या नगरीतील बहुसंख्य लोक लोकलने, बसने आणि पायी कामाला जातात, तेथे ‘साध्य कोणासाठी’ हा प्रश्न मंजुरीच्या पहिल्या पानावर विचारला जावयास हवा होता. सुरतेत आपल्यापैकी किती जण दुचाकीवरून आज येथे आलात, हे बाहेरच्या आवारात नजर टाकली तरी कळते.

हा विषय मुंबईत संपलेला नाही. १३ जुलै २०२४ रोजी ठाणे-बोरिवली आणि गोरेगाव-मुलुंड या दोन बोगद्यांच्या कामांचा शुभारंभ झाला. दोन्ही संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या खालून जावयाचे; त्यांपैकी ठाणे-बोरिवलीचा बोगदा दहा किलोमीटरांहून लांब. येथे समुद्राऐवजी अरण्य आहे, कोळ्यांऐवजी आदिवासी पाडे आहेत आणि प्रवाळांऐवजी बिबटे. मलबार हिलच्या वेळी जे शिकलो, ते येथे उपयोगी आणले की नाही, याची परीक्षा हे प्रकल्प घेतील.

आणि आपली सुरत? आपल्यापैकी बहुतेकांची घरे मूळची खानदेशातली. जी तापी तिकडून वाहत येते, तिच्याच मुखाशी आपण स्थायिक झालो. २००६ च्या ऑगस्टमध्ये तिने काय केले, हे घरोघरी ठाऊक आहे. भिंतीवर पाणी कोठवर चढले, याची खूण अनेकांनी जपून ठेवली असेल. या शहरात जमिनीखाली जे जे काही होईल, त्याच्या पक्षातली पहिली ओळ ती खूण असली पाहिजे. भुयाराचे तोंड किती उंचीवर असावे, हे तज्ज्ञ सांगतील. पण गल्लीत पाणी कोणत्या बाजूने प्रथम शिरले, हे त्या गल्लीतील आजीबाई अधिक अचूक सांगतील. ते त्यांना विचारले जावे, आणि विचारले गेले नाही, तर त्यांनी ते लेखी कळवावे. हरकती व सूचना मागविणारी जाहिरात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत येते, आणि तिची मुदत ठरलेली असते. ती वाचणे, मुदतीत दोन ओळींचे पत्र लिहिणे आणि त्याची पोच घेणे, हे या शाळेतील दहावीचा विद्यार्थीही आपल्या आजीसाठी करू शकेल.

गुरुजींनी परत केलेली एक वही अजून माझ्याजवळ आहे. तीत सिद्धता बरोबर आहे, उत्तर बरोबर आहे. फक्त वरची ओळ कोरी आहे, आणि तिच्यापुढे लाल शाईत एक प्रश्नचिन्ह आहे. त्या कोऱ्या ओळीवर काय लिहावयाचे, ते तेव्हा मला कळले नव्हते.