एका छताखाली, एका पंगतीत



वसतिगृहाच्या दारात मुलाची वळकटी उतरवून आई-बाप रेक्टरांना हमखास विचारतात, "रूम पार्टनर कोण आहे हो?" हा प्रश्न भाबडा नाही. सहवासाचा विद्यार्थ्यावर काय परिणाम होतो, हे तपासणाऱ्या संशोधकांनीही तोच धरून ठेवला आहे.

अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत एकाच विषयाची ओढ असलेली मुलं एका मजल्यावर राहतात, काही वर्गांनाही बरोबर बसतात. त्यांची प्रगती पुष्कळदा उजवी दिसते. पण हा सहवासाचा गुण, की तिथे अर्ज करणारी मुलंच मुळात हौशी? या संशोधनातला खरा पेच इथे आहे.

डार्टमथ कॉलेजमधल्या एका प्रथेने तो सोडवायला वाट दिली. तिथे पहिल्या वर्षाच्या मुलांना सोबती निवडता येत नसे. चिठ्ठी काढावी तसा तो वाट्याला येई. त्या नोंदी अर्थतज्ज्ञ ब्रूस सेसरडोट यांनी तपासल्या. २००१ साली त्यांनी दाखवलं, की सोबत्याचा परिणाम गुणांवर होतो. मुख्य विषय निवडताना मात्र तो दिसत नाही. केंटकीतल्या बेरिया कॉलेजात तर गोष्ट एका यंत्रावर आली. सोबत्याने व्हिडिओ गेमचा संच आणला, की खोलीतल्या दुसऱ्या मुलाचा अभ्यासाचा वेळ घटे आणि गुणही घसरत.

मग चांगली सोबत ठरवून जुळवता येईल का? अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीत तेही करून पाहिलं. अभ्यासात कच्च्या मुलांच्या तुकड्यांत मुद्दाम हुशार मुलं घातली. २०१३ साली निष्कर्ष छापून आला: कच्ची मुलं आणखी मागे पडली. तुकडी एकच होती, पण तिच्यात हुशार हुशारांत रमले आणि कच्चे कच्च्यांत.

हे वाचताना मला साताऱ्याची आठवण झाली. १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी तिथे बोर्डिंग काढलं. त्यांनी सर्व जातींची मुलं नुसती एका छताखाली ठेवली नाहीत. मुलं मिळून स्वयंपाक करत, एका पंगतीत जेवत, अंगमेहनतीची कामं वाटून घेत. छत एक असून भागत नाही, रोजचं काम एक असावं लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं.

आज इथे संस्थाचालक बसले आहेत, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. पहिल्या वर्षाच्या खोल्या गाव, जात, ओळख न बघता चिठ्ठ्या टाकून द्या. कोण कोणाबरोबर राहिलं आणि पुढे काय शिकलं, याची वही ठेवा. आणि मुलांना एकमेकांची गरज पडेल असं एखादं काम रोज त्यांच्या हाती द्या.