घाण उपसण्याच्या विद्येला गिऱ्हाईक कोण?



अमेरिकेचे सरकार तिथल्या लहान कारखानदारांना संशोधनासाठी पैसे देते, यात उन्हाळ्याच्या संध्याकाळी येऊन ऐकण्यासारखे काय आहे, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. शंका रास्त आहे. तेव्हा एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करतो. कोणी शिवणाचे नवे यंत्र काढले तर त्याला शिंपी गिऱ्हाईक मिळतो, नवे औषध काढले तर रोगी मिळतो. पण जमिनीत मुरलेला सोमल बाहेर काढण्याची युक्ती एखाद्याला सापडली, तर ती विकत घेणार कोण? जमीन पैसे देत नाही. ज्याने विष सांडले तो पुष्कळदा दिवाळे काढून मोकळा झालेला असतो, आणि ज्याच्या विहिरीत ते उतरले त्याच्या खिशात काही नसते. गरज आहे, वस्तू आहे, पण बाजार नाही, असा हा चमत्कारिक धंदा आहे. सावकार अशा धंद्याच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही, आणि त्याला तरी दोष कसा द्यावा?

अमेरिकेला या प्रश्नाची जाणीव जरा उशिराच झाली. नायगारा धबधब्याजवळ लव्ह कॅनॉल नावाच्या एका अर्धवट कालव्यात एका रासायनिक कारखान्याने १९४२ ते १९५३ या काळात सुमारे एकवीस हजार टन टाकाऊ रसायने पुरली, वर माती लोटली, आणि ती जागा शाळामंडळाला अवघ्या एका डॉलरला दिली. तिथे शाळा झाली, शेजारी घरे झाली. पुढे तळघरांतून ती रसायने पाझरू लागली आणि १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांना तिथे आणीबाणी जाहीर करावी लागली. त्यातून १९८० चा कायदा आला. ज्याने घाण केली त्यानेच ती उपसावी, आणि तो सापडत नसेल तर सरकारी निधीतून उपसावी, असे या कायद्याचे थोडक्यात सार. आता कायद्याने गिऱ्हाईक निर्माण केले. पण उपसायचे कसे, ही विद्या कोणापाशी होती? बहुतेक ठिकाणी माती खणून दुसरीकडे नेऊन टाकत. म्हणजे घाण गेली नाही, तिचा पत्ता बदलला.

लहान उद्योगांना संशोधनासाठी पैसा देण्याची कल्पना मात्र याआधीच, वेगळ्या वाटेने आली होती. नॅशनल सायन्स फाउंडेशनमध्ये रोलंड टिबेट्स नावाचे एक अधिकारी होते. लहान कंपन्यांत काम करून आलेला हा मनुष्य. त्यांनी १९७७ साली ही योजना प्रयोगादाखल सुरू केली, आणि १९८२ च्या जुलैत तिचा कायदा झाला. संशोधनाचा मोठा पैसा बाहेर वाटणाऱ्या प्रत्येक सरकारी खात्याने त्यातला ठरावीक अंश लहान उद्योगांसाठी बाजूला काढलाच पाहिजे, असे त्यात आहे. आरंभी हा अंश शेकडा एक-पंचमांश होता, २०१७ पासून तो शेकडा ३.२ झाला. मोठ्या विद्यापीठांनी या कायद्याला कसून विरोध केला होता, कारण तो वाटा त्यांच्याच ताटातून जाणार होता. ‘लहान’ म्हणजे तरी किती? पाचशेपर्यंत नोकर असलेला उद्योग! आपल्याकडच्या कारखानदाराला हे ऐकून हसू येईल.

योजनेला तीन पायऱ्या आहेत. पहिलीत कल्पना चालते की नाही एवढेच पाहायचे. पर्यावरण खाते त्यासाठी अलीकडच्या वर्षांत एक लाख डॉलर आणि सहा महिने देत आले. दुसरीत यंत्र उभे करायचे. त्यासाठी चार लाख डॉलर आणि दोन वर्षे. तिसरी पायरी बाजारात जाण्याची, आणि तिला या योजनेतून एक पैसाही मिळत नाही. या तिसऱ्या पायरीकडे आपण लक्ष ठेवावे. माझे आजचे सगळे बोलणे तिच्याभोवतीच फिरणार आहे.

एक उदाहरण देतो. फ्लॉरिडा विद्यापीठात लेना मा या मृदाशास्त्रज्ञ बाई होत्या. लाकूड टिकावे म्हणून त्याला सोमलयुक्त द्रावण पाजत, अशा एका जुन्या जागेवर उगवलेल्या वनस्पती त्यांनी गोळा करून तपासल्या. त्यांत एक नेचा असा निघाला की तो सोमल नुसता सोसत नव्हता, तर हावरटासारखा ओढून घेत होता. प्रयोगशाळेत त्याच्या पानांत सुक्या वजनाच्या शेकडा दोनहून अधिक सोमल साठलेला आढळला. २००१ साली हा शोध प्रसिद्ध झाला. यातली गंमत अशी, की सोमल हा रसायनदृष्ट्या स्फुरदाचा भाऊबंद आहे. मुळांची जी दारे स्फुरदासाठी उघडी असतात त्यांतूनच तो आत शिरतो. नेचा त्याला वर पानांत नेऊन पेशींच्या कोठारात कोंडतो. पाने कापली की विष हाती आले. हा नेचा, टेरिस व्हिटाटा, मूळचा आपल्याच आशियाकडचा. जुन्या चुन्याच्या भिंतीवर, विहिरीच्या कडेला आपण तो शेकडो वेळा पाहिला असेल आणि भिंत फोडतो म्हणून उपटलाही असेल.

व्हर्जिनियातल्या एडनस्पेस नावाच्या छोट्या कंपनीने विद्यापीठाकडून त्याचे हक्क घेतले. वॉशिंग्टन शहरातल्या स्प्रिंग व्हॅली भागात पहिल्या महायुद्धाच्या वेळी विषारी अस्त्रांचे प्रयोग झाले होते. तिथल्या सोमलयुक्त मातीत सैन्याच्या अभियंत्यांनी हे नेचे लावून पाहिले. आणि याच लघुउद्योग योजनेच्या पैशावर कंपनीने न्यू मेक्सिकोत पिण्याचे पाणी नेच्यांच्या मुळांतून फिरवून गाळण्याचा प्रयोग केला. पाणी उतरले. पण नेच्याला घाई नाही, माणसाला आहे. जमिनीत मुळे जाईपर्यंतच त्याची धाव, काम वर्षानुवर्षांचे, आणि कापलेली पाने पुन्हा विषारी कचरा म्हणूनच सांभाळावी लागतात.

तरीही पाण्यासाठी हा प्रयोग करावासा वाटला, याचे कारण काय? २००१ साली पिण्याच्या पाण्यातल्या सोमलाची मर्यादा लिटरला ५० मायक्रोग्रॅमवरून १० वर आणली गेली, आणि २००६ च्या जानेवारीपासून ती पाळणे भाग पडले. एका आकड्यासरशी शेकडो गावांचे पाणीखाते गिऱ्हाईक झाले. बाजी मारली ती नेच्याने नव्हे, लोहसंयुगांच्या कणांनी भरलेल्या गाळण्यांनी. पण बाजार भरला तो कायद्यामुळे.

तोच खेळ आज दुसऱ्या विषाचा चालू आहे. न चिकटणारे तवे, पाणी न धरणारे कोट, आग विझवायचा फेस यांतली फ्लोरिनयुक्त रसायने निसर्गात जवळजवळ मोडतच नाहीत. रसायनशास्त्रज्ञ विल डिक्टेल यांनी मक्याच्या पिष्टापासून मिळणाऱ्या, पेल्याच्या आकाराच्या साखरेच्या रेणूंची जाळी विणून प्रदूषके पकडण्याची युक्ती काढली. तिच्यावर शिकागोजवळ सायक्लोप्युअर ही छोटी कंपनी उभी राहिली, आणि तिलाही या योजनेतून साहाय्य मिळाले. २०२४ च्या एप्रिलमध्ये सरकारने यांतल्या दोन मुख्य रसायनांची मर्यादा लिटरला ४ नॅनोग्रॅम ठरवली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात, मुदत २०२९ ऐवजी २०३१ करण्याचा आपला मानस आहे, असे जाहीर केले. दोन वर्षे म्हणजे मोठ्या कंपनीला डुलकी. पण दहा माणसांच्या कारखान्याला दोन वर्षांचे पगार कोण देणार? एका हाताने अनुदान द्यायचे आणि दुसऱ्या हाताने गिऱ्हाईक लांबणीवर टाकायचे, याला मी धोरण म्हणायला तयार नाही.

आपल्याकडेही जैवतंत्रज्ञान खात्याने २००५ साली अमेरिकेच्या धर्तीवर अशीच योजना आणली. पहिल्या दोन पायऱ्या तिथेही बांधल्या आहेत. आपल्या नद्यांच्या काठी तिसऱ्या पायरीवरचे गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न मी अनुदान घेतलेल्या तरुणांना विचारतो, तेव्हा ते सहसा नगरपालिकेचे नाव घेतात आणि थोडे हसतात.

आणि मूळ योजनेचे काय? तो कायदा मुदतीचा आहे. दर वेळी वाढवून घ्यावा लागतो. २०२२ साली तो तीन वर्षांनी वाढवला, ती मुदत २०२५ च्या ३० सप्टेंबरला संपली, आणि तोपर्यंत वाढ मिळाली नाही. त्या दिवशी कित्येक लहान कारखान्यांत पहिली पायरी पुरी झालेली होती आणि दुसरीचा अर्ज टेबलावर तयार होता.