रक्तदान कोणाला करता येते?



मे महिन्यात महाविद्यालये बंद होतात, शिबिरे कमी होतात आणि रक्तपेढ्यांत टंचाई सुरू होते. थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते. आधी साठवून ठेवावे, तर तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवसच टिकतात, प्लेटलेट जेमतेम ५ दिवस. म्हणून दाते बाराही महिने हवेत.

मग रक्त कोण देऊ शकतो? वय १८ ते ६५ हवे. पहिल्यांदाच देणाऱ्याने साठी ओलांडलेली नसावी. वजन निदान ४५ किलो. मधुमेहाची गोळी चालू असली, पण साखर आटोक्यात असली, तर बहुधा चालते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र देऊ नये. गोंदवून घेतले असेल किंवा बाळंतपण झाले असेल, तर वर्षभर थांबावे. डेंग्यूतून बरे झाल्यावर सहा महिने, मलेरियानंतर तीन.

सगळ्यात जास्त मनाला लागते ते हिमोग्लोबिन. ते १२.५ हवे. उत्साहाने आलेल्या कितीतरी बायका इथेच थांबतात. “मला काही होत नाही, घरचं-शेतातलं सगळं करते मी,” असे त्या म्हणतात, आणि ते खरेही असते. पण एका पिशवीबरोबर ३५० मिलिलिटर रक्त जाते आणि त्यातले लोहही जाते. रक्तातले पाणी एक-दोन दिवसांत भरून निघते, लोहाला मात्र कित्येक आठवडे लागतात. म्हणूनच दोन रक्तदानांत पुरुषांनी तीन महिन्यांचे अंतर ठेवायचे, तर स्त्रियांनी चार. ताईंनो, परत पाठवले तर वाईट वाटून घेऊ नका. डॉक्टरांना दाखवा, रक्त का कमी आहे ते शोधा, उपचार घ्या. हे तुमच्या स्वतःच्या तब्येतीसाठी आहे.

दुसरी गोष्ट रक्तदानाआधी भरायच्या अर्जाची: त्यातल्या प्रश्नांची उत्तरे खरी द्या. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस हा गुप्तरोग व मलेरियासाठी तपासणी होते. तरीही संसर्ग अगदी ताजा असेल, तर काही दिवस तो चाचणीत सापडत नाही. त्या दिवसांत रुग्णाला वाचवतो तो दात्याचा खरेपणा. एचआयव्हीची शंका आहे म्हणून तपासून घ्यायला रक्तदान करू नका. त्यासाठी सरकारी रुग्णालयात मोफत तपासणी होते. कार्यालयातल्या शिबिरात सहकारी बाजूला उभे असतात, संकोच होतो, हे मी जाणतो. अशा वेळी डॉक्टरांशी एकांतात बोलायला मागा. “आज द्यायचे नाही” एवढे सांगितले तरी पुरे, कारण सांगावे लागत नाही.

येताना पोटभर खाऊन या, चार तासांपूर्वीचे जेवण पुरत नाही. रात्रपाळी करून थेट शिबिरात येऊ नका. आणि नवरात्राचे उपवास चालू असतील, तर ते सुटल्यावर रक्तपेढीतच या. तिथे शिबिराची वाट पाहावी लागत नाही.