बंद दारामागचं ऑपेरा हाउस

(उरायासु येथे मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा गोषवारा)



बटाटेवड्यांचा वास सुटलाय, तेव्हा थोडक्यात आटोपतो.

आज सकाळी आपण मुलांना इथलं संग्रहालय दाखवलं. १९५२ च्या सुमाराचं उरायासु तिथे पुन्हा उभं केलंय. तंबाखूचं दुकान, तीन बिऱ्हाडांची चाळ, कालव्यातल्या ‘बेकाबुने’ होड्या. समुद्रात भर पडली, १९७१ मध्ये कोळ्यांनी मासेमारीचे उरलेले हक्क सोडले आणि १९८३ मध्ये भरावाच्या जमिनीवर डिस्नेलँड आलं. ती चाळ पाहताना मला आमचं गिरगाव आठवलं आणि तिथलं एक बंद थिएटरही.

रॉयल ऑपेरा हाउस! मुंबईकरांना ते थिएटर म्हणून कमी आणि बसचा स्टॉप म्हणून जास्त ठाऊक. कलकत्त्याचे मॉरिस बँडमन आणि मुंबईचे जहांगीर फ्रामजी कराका यांनी ते उभारलं. बांधकाम अपुरं असतानाच १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालं. नाव ऑपेराचं, पण आपल्या मंडळींनीही ते रंगमंच गाजवलं. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, पुढे पृथ्वीराज कपूर! बोलपट आले तसे दिवस पालटले आणि १९३५ मध्ये आयडियल पिक्चर्सने त्याचं सिनेमागृह केलं. पडद्यासाठी आत बरीच तोडफोड झाली. १९५२ मध्ये ते गोंडलच्या महाराजांनी घेतलं. पुढे प्रेक्षक आटत गेले आणि १९९३ मध्ये दारं बंद झाली.

तेव्हा मी कॉलेजात होतो. रोज त्या फाटकावरून जायचो. भिंतींवर झाडं उगवलेली, दगड काळवंडलेला. आत डोकवावंसं फार वाटे, पण कुलूप! घरी आजी म्हणायची, “अरे, तिथे मी बालगंधर्वांना पाहिलंय.” मी “हो का?” म्हणायचो आणि क्रिकेट बघायला बसायचो.

जागा मोक्याची, पण गोंडलच्या राजघराण्याने वास्तू पाडू दिली नाही. २०१२ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने जगभरातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत तिचं नाव घातलं. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी आधी छत आणि सज्जे सावरले, मग जुन्या फोटोंवरून मूळ रूप शोधलं. सिनेमासाठी काढून टाकलेले बाजूचे बॉक्स पुन्हा बांधले. ऑक्टोबर २०१६ मध्ये, तब्बल २३ वर्षांनी, पडदा पुन्हा वर गेला आणि मुंबईत जन्मलेल्या पॅट्रिशिया रोझारिओ गायल्या. पुढच्या वर्षी युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला.

नंतरच्या सुट्टीत मी आत गेलो. लाल खुर्च्या, सोनेरी नक्षी, वर कवी-नाटककारांना वाहिलेला घुमट. सगळं बघून झालं आणि एकदम मनात आलं, आजी कुठे बसली असेल? कुठलं नाटक होतं? कोणाबरोबर आली होती? तोवर आजीला जाऊन बरीच वर्षं झाली होती. इमारत परत मिळाली, पण तिची ती एक संध्याकाळ मात्र गेली, कारण मी विचारलंच नाही.

मंडळी, इमारत दुरुस्त करायला फोटो पुरतात, पैसा लागतो. माणसांच्या आठवणींचा मात्र फोटो नसतो. इथल्या गावकऱ्यांनी आपल्या जुन्या गल्लीचं मोल वेळेवर ओळखलं, म्हणून आज आपल्या मुलांना ती दिसली.

दिवाळीला आपल्यापैकी अनेकांचे आईवडील इथे येतील. त्यांना डिस्नेलँड जरूर दाखवा. पण परतताना गाडीत एवढं विचारा, “आई, तुझ्या गावात थिएटर होतं का गं? पहिलं नाटक कुठलं पाहिलंस?” आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा.

चला, वडे गार होतायत. सर्वांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा!