परीक्षा एक, नियम अनेक



आपल्याकडे सी.ए.चा कायदा १९४९ चा. संस्था एक, नियम देशभर सारखे. अमेरिकेत सी.पी.ए. व्हायचं तर तसं नाही. चार पेपरांची परीक्षा सगळीकडे तीच, पण परवाना देतं ते त्या-त्या राज्याचं बोर्ड. बहुतेक ठिकाणी १५० क्रेडिट्स लागत आली. ओहायोने आता पदवी आणि दोन वर्षं अनुभव हाही मार्ग खुला केलाय. आपली तीन वर्षांची बी.कॉम. तिथल्या चार वर्षांच्या पदवीइतकी धरतीलच असं नाही. म्हणून क्लासची फी भरण्याआधी राज्य ठरवा, गुणपत्रिकांचं मूल्यांकन करून घ्या. बँकेत आम्ही आधी कागद तपासायचो, मग सही करायचो. आई-वडिलांची पुंजी लावताना तुम्हीही तेच करा.