हॉस्पिस निवडताना: काय विचारावं, कधी विचारावं



संध्याकाळच्या गार वाऱ्यात बसून ऐकावा असा हा विषय नाही. तरीही खुर्च्या भरल्या आहेत, कारण इथल्या बऱ्याच घरांत कुणी ना कुणी अंथरुणाला खिळलेलं आहे किंवा नुकतंच होतं.

‘आता आमच्या हातात काही नाही, घरी न्या आणि सेवा करा,’ असं मोठ्या इस्पितळात सांगतात, फाइल हातात देतात आणि लिफ्टचा रस्ता दाखवतात. सेवा करा म्हणजे नेमकं काय करा? रात्री कळ उठली तर काय द्यायचं, पाठीला जखम झाली तर कशी धुवायची, श्वास लागला तर काय करायचं? हे कुणी सांगत नाही. आणि ‘हातात काही नाही’ हे तर साफ खोटं आहे. आजार बरा होणार नसला तरी दुखणं, धाप, मळमळ, झोप न येणं, घाबरणं यांवर करण्यासारखं पुष्कळ असतं. ते करणारं शास्त्र आहे आणि ते करणाऱ्या संस्थाही आहेत. त्यांनाच हॉस्पिस म्हणतात.

अशी संस्था उभी करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स या बाई आधी नर्स होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या आणि त्यानंतर वैद्यक शिकून डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. वेदनेचं औषध कळ उठल्यावर द्यायचं नाही, ती उठायच्या आत घड्याळ लावून द्यायचं, हा त्यांचा आग्रह. आपल्याकडे १९८६ साली टाटा रुग्णालयातले कॅन्सर-शल्यविशारद डॉ. लुईस डिसोझा यांनी वांद्र्याला शांती आवेदना सदन उभं केलं. देशातलं हे पहिलं हॉस्पिस. पुढे त्याची शाखा गोव्यात लोटलीला आणि दिल्लीलाही झाली. पुण्यात वारज्याला सिप्लाचं असंच केंद्र १९९७पासून आहे. वांद्रे आणि वारजे, दोन्ही ठिकाणी पैसे घेत नाहीत. हे मुद्दाम सांगतो, कारण फुकट म्हटलं की आपल्या मध्यमवर्गाला दोन शंका येतात: सेवा बेताची असणार, किंवा ती आपल्यासाठी नसणार. दोन्ही शंका सोडून द्या.

चौकशीला गेलात की पहिला प्रश्न हा: कोणता आजार घेता? शांती आवेदना शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सरसाठी आहे. अशा बहुतेक संस्थांचा जन्मच कॅन्सरमधून झालेला आहे. वडिलांचं हृदय थकलं असेल, मूत्रपिंडं निकामी झाली असतील, आईला स्मृतिभ्रंश असेल, तर दार बंदही असू शकतं. रिक्षा करून जाण्याआधी फोनवर विचारा. किती दिवस ठेवता, हेही विचारा. पुष्कळ केंद्रं पेशंटला कायमचं ठेवून घेत नाहीत. दुखणं आटोक्यात आणायचं, घरच्या माणसाला सोबत ठेवून नळी, जखम, औषधं यांचं शिक्षण द्यायचं आणि मग घरी पाठवायचं, अशी त्यांची रीत असते. वारज्याला पेशंटसोबत घरचं माणूस राहतं ते याचसाठी. ही रीत मला योग्य वाटते. आईला ‘टाकून आलो’ असं ज्यांच्या मनात सलतं, त्यांनी ही पद्धत जरूर पाहावी.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. तो विचारायला लोक कचरतात. तुमच्याकडे मॉर्फिन आहे का?

१९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर एका इस्पितळाला अफूपासून बनणारं हे वेदनेवरचं औषध ठेवायचं तर निरनिराळ्या खात्यांचे परवाने लागू लागले. इस्पितळांनी कंटाळून ते ठेवणंच सोडलं. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यावर अफू पिकते, त्यातली परदेशी औषध कंपन्यांना जाते, आणि इथला कॅन्सरचा पेशंट पॅरासिटामॉलवर रात्र काढतो, असा प्रकार वर्षानुवर्षं चालला. केरळमधले डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेटाने पाठपुरावा केला. अखेर २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली. आता राज्याच्या औषध नियंत्रकांची मान्यता असलेली संस्था हे औषध ठेवू शकते. म्हणून ‘मान्यता आहे का’ असं सरळ विचारा. जिथे उत्तर चाचरत येतं किंवा ‘आम्ही त्या भानगडीत पडत नाही’ असं मिळतं, तिथे बाग कितीही छान असू दे, परत फिरा.

मॉर्फिनची भीती घरोघरी आहे. ‘सवय लागेल’ म्हणतात. कॅन्सरच्या तीव्र वेदनेसाठी, माणूस पाहून, थोडक्या मात्रेपासून वाढवत दिलेल्या औषधाने व्यसनी होण्याची धास्ती बाळगू नये. ‘मॉर्फिन सुरू केलं म्हणजे संपलंच’ हाही तसाच गैरसमज. बोस्टनच्या डॉक्टरांनी २०१० साली फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ पेशंटांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासूनच त्रास कमी करणारी ही सेवा मिळाली, त्यांचं मन तुलनेने प्रसन्न राहिलं, आणि त्यांच्यातले निम्मे ११.६ महिन्यांहून अधिक जगले. इतरांच्या बाबतीत हा आकडा ८.९ महिने होता. मॉर्फिनचा हमखास त्रास एकच, पोट साफ न होणं. त्याचं औषध पहिल्या दिवसापासून जोडीला देतात. एखाद्या ठिकाणी ते देतात की नाही एवढं विचारलंत तरी तिथल्या डॉक्टरांची पारख होते.

दुसरी पारख रात्रीची. दिवसा सगळीकडे डॉक्टर असतात. रात्री शिकलेली नर्स असते की नुसती मावशी? मावश्यांचा मला आदर आहे, अंग पुसणं त्यांच्यासारखं कुणाला जमत नाही, पण इंजेक्शनची मात्रा ठरवणं हे त्यांचं काम नव्हे. आणि धाप लागली तर काय करता, हे विचाराच. हल्ली ‘केअर सेंटर’ अशा पाट्या खूप झाल्या आहेत. त्यांतल्या कित्येक ठिकाणी श्वास जरा बदलला की अँब्युलन्स बोलावून पेशंटला आयसीयूत धाडतात. असं करणाऱ्या जागेला हॉस्पिस म्हणता येणार नाही, तो नुसता वृद्धाश्रम झाला.

बहुतेकांना घरीच जावंसं वाटतं. मग घरी येणारं पथक पाहा. ब्युरोकडून बाई ठेवणं वेगळं, आणि डॉक्टर, नर्स व समाजसेवक ठरलेल्या दिवशी घरी येणं वेगळं. आपल्या पत्त्यापर्यंत ते येतात का, रात्री दोन वाजता फोन कोण उचलतो, घरी अडीअडचणीची औषधं लिहून ठेवतात का? आणखी एक अगदी व्यवहाराची गोष्ट. घरी मृत्यू झाला तर कारणाचा दाखला ४-अ नमुन्यात डॉक्टरांनी द्यावा लागतो. तो हातात नसेल तर पहाटे चार वाजता सोसायटीतली माणसं डॉक्टर शोधत हिंडतात, आणि ओळख नसलेला डॉक्टर सही करत नाही. करूही नये. पथकाचे डॉक्टर किंवा आपले फॅमिली डॉक्टर हा दाखला देतील का, ते आधी ठरवून ठेवा.

या सगळ्यात ज्याच्यासाठी धावपळ चालली आहे त्याला कुणी विचारतं का? ‘त्यांना सांगू नका हं डॉक्टर,’ असं मुलगा दाराबाहेर कुजबुजतो. आत वडील नर्सला म्हणतात, ‘मुलाला कळू देऊ नका, तो खचेल.’ दोघांनाही सगळं ठाऊक असतं. चांगल्या संस्थेत ही कोंडी फोडायला माणूस असतो. तो घाईने काही सांगत नाही, आधी पेशंटला किती जाणून घ्यायचं आहे ते चाचपतो. असा कुणी आहे का, हेही निवडताना पाहावं. जेवणाचंही तसंच. शेवटच्या आठवड्यांत शरीरच अन्न नको म्हणतं. त्यावर नाकातून नळी घालण्याचा हट्ट नातेवाईक मायेपोटी धरतात, आणि त्रास पेशंटला होतो. ओठ ओले करा, चमचाभर आवडीचं काही द्या, तेवढं पुरतं.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली प्रत्येकाला शेवटच्या आजारात असे कोणते उपचार नकोत ही आपली इच्छा आधीच लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला, आणि २०२३मध्ये त्याची किचकट रीत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. गोव्यात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सोनक यांनी २०२४ साली स्वतःचं असं इच्छापत्र जाहीरपणे नोंदवलं. न्यायाधीशाला हे करावंसं वाटलं, तर आपण कशाला शुभ-अशुभ बघत बसायचं?

घरात असा आजार असेल तर या आठवड्यातच, पेशंट बोलू शकतो आहे तोवर, त्याला बरोबर घेऊन किंवा निदान त्याला विचारून, दोन ठिकाणं पाहून या. इस्पितळाने फाइल हातात ठेवण्याची वाट बघू नका.